अधू नजर आणि आखडलेली बोटं: स्वयंपाकघरासाठी काय घ्यावं?

तुमच्या आईंना काचबिंदूमुळे कमी दिसतं, संधिवातामुळे बोटं नीट वळत नाहीत, तरी स्वयंपाक सोडायला त्या तयार नाहीत. मग गॅस काढून इंडक्शन घ्यावं का, आणखी काय घ्यावं, असं तुम्ही विचारलं आहे. डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे मला समोरचं धूसर दिसतं आणि घरचा स्वयंपाक मीच करते, म्हणून अनुभवाचं सांगते.

इंडक्शन जरूर घ्या. ज्योत नसल्यामुळे पदर पेटायची भीती जाते, आणि भांडं उचललं की तापणं थांबतं. पण गुळगुळीत टच पॅनलची शेगडी घेऊ नका. कमी दिसणारा माणूस बटण चाचपून शोधतो आणि टचवर ते चाचपडणारं बोटच बटण दाबून जातं. ओला हात लागला तरी भलतंच सुरू होतं. दाबल्यावर बोटाला कळेल अशा बटणांची, बीप वाजणारी शेगडी शोधा आणि चालू-बंदच्या बटणावर एम-सीलचा छोटा उंचवटा करून द्या. २००० वॅटच्या शेगडीला १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. फ्रिजवरचं लोहचुंबक भांड्याच्या बुडाला चिकटलं तरच ते भांडं चालेल. गोल बुडाची कढई चालत नाही. भांडं उचलल्यावरही काच काही वेळ गरम असते, हे आईंना आधीच सांगा. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

माझ्या मते सगळ्यात जास्त आधार देणारी वस्तू म्हणजे शिट्टीचा मिल्क कुकर. दूध वर येताना आवाज होत नाही, ते बघावंच लागतं, आणि आपली अडचण नेमकी तिथेच आहे. या भांड्याला दोन भिंती असतात, मधल्या पोकळीत पाणी. पाणी उकळलं की शिट्टी वाजते आणि दूध उतू जात नाही, बुडाला लागतही नाही. पाणी घालायचं भोक बारीक असतं, म्हणून सोबत छोटं नरसाळं ठेवा. भातासाठी इलेक्ट्रिक राइस कुकर तितकाच चांगला: एकच खटका, आणि पाणी आटलं की तो टक् आवाज करून स्वतःहून वर येतो. फोडणीची काळजी करू नका. मोहरी तडतडलेली आईंना कानानेच कळते.

मायक्रोवेव्ह घ्यायचाच असेल तर दोन गोल नॉबवाला साधा घ्या.

आता हातांचं. साध्या पातेल्याला कान नसतात आणि सांडशीला बोटांत जोर लागतो, म्हणून दोन्ही बाजूंना जाड कान असलेली भांडी आणा, शक्यतो छोटी. भरलेलं मोठं पातेलं उचलायची वेळच येऊ नये. प्रेशर कुकर घेताना आईंना दुकानात न्या आणि झाकण त्यांच्याच हातांनी लावून-काढून बघू द्या. कुणाला आतून बसणारं झाकण जमतं, कुणाला बाहेरून फिरवायचं. हे घरबसल्या ठरवता येत नाही. साल काढायला जाड, रबरी मुठीचं सोलाणं घ्या. दोरी ओढायचा चॉपर संधिवाताच्या हाताला त्रास देतो, वरून दाबायचा विजेचा बरा.

विळी मात्र आता बाजूला ठेवायला सांगा. चिरायला दोन पाट ठेवा, एक काळा आणि एक पांढरा: कांदा-मुळा काळ्यावर, मिरची-कोथिंबीर पांढऱ्यावर. फरक लगेच जाणवेल. ओट्यावर दिवा असा लावा की उजेड पाटावर पडेल, डोळ्यांत नाही. मिठाच्या डब्याला रबरबँड लावा, साखरेच्या डब्याला नको, म्हणजे हाताला फरक कळेल.

रोटी मेकर मी घेऊ नका म्हणेन. त्याचा दांडा जोराने दाबावा लागतो आणि तव्याची धार हाताच्या फार जवळ येते. त्याऐवजी कणीक मळून देणारा फूड प्रोसेसर घ्या. खरे हाल मळताना होतात, आणि तेवढं काम गेलं तर पोळ्या त्या हळूहळू लाटू शकतील.