आजीची जन्मतारीख माहीत नाही, सहस्रचंद्रदर्शन कधी करावं?

प्रश्न थोडक्यात असा: आजी साताऱ्याकडच्या खेड्यातली, शाळेचं तोंड न पाहिलेली, माळकरी. आधारवर 1 जानेवारी 1946. तिचं सहस्रचंद्रदर्शन करायचं आहे, तर खरं वय कसं काढायचं आणि कार्यक्रमात काय काय लागतं?

आधी ते आधार कार्ड कपाटात ठेवा. आपल्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्या 1 जानेवारीला जन्मलेल्या आहेत. केंद्रावर कुणीतरी अंदाजे वय सांगितलं, त्यावरून वर्ष निघालं आणि तारखेच्या जागी वर्षाचा पहिला दिवस पडला. शाळेत गेलेल्या पुरुषांची 1 जून असते, ती गुरुजींनी लावलेली. दोन्हींचा जन्माशी काही संबंध नाही.

हिशोब सोपा आहे. सहस्रचंद्रदर्शन म्हणजे आयुष्यात हजार पौर्णिमा झाल्याचं कार्य. पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी 29.53 दिवस, म्हणजे हजार पौर्णिमांना 29,530 दिवस, साधारण 80 वर्षं 10 महिने. म्हणून ऐंशी पूर्ण झाली की एक्याऐंशीच्या पोटात हे करतात. वर्षाला बारा धरून गुणाकार करू नका, अधिक महिन्यांच्या पौर्णिमा सुटतात आणि उत्तर 83 च्या पुढं जातं. बरेच जण इथंच चुकतात.

आता वय. म्हातारीला "तुझं वय किती" विचारू नका. ती "झाली की चार इसा" म्हणेल. इसा म्हणजे वीस, चार इसा म्हणजे ऐंशी, आणि तेही चालू वर्ष धरून. पूर्ण वर्षांचा हिशोब त्या पिढीत नव्हता, त्यामुळे एक वर्ष इथंच हलतं. तिला विचारायचं ते असं: भूकंपाला कडेवर कोण होतं? चालत कोण होतं? पोटात कोण होतं?

कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967, पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी. पाटण, कऱ्हाड, शिराळा, वाळवा या पट्ट्यातली कुठलीही बाई त्या पहाटे आपण कुणाला उचलून बाहेर पळालो ते विसरलेली नाही. मग 1972 च्या दुष्काळाला तेच प्रश्न: खडी फोडायला कोण बरोबर होतं, सुकडी कोण खात होतं. गेलेली मुलंही मोजायची, पण ते पोरासोरांसमोर विचारू नका. एकटी असताना, शेंगा निवडत बसलेली असताना विचारा. चार माणसांत विचारलं की कुणीतरी मधेच साल पुरवतं आणि पुढं ती तेच साल सांगत राहते.

देवधर्म करणारी बाई असेल तर अजून सोपं. तिचं डोकं तारखांवर चालत नाही, व्रतांवर चालतं. अधिक महिना सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येतो, पण तोच महिना अधिक म्हणून परत यायला बहुतेक 19 वर्षं लागतात. 2023 ला अधिक श्रावण होता. त्याआधी 2004, 1985, 1966, 1947. कोकिळाव्रत आषाढ अधिक असेल तेव्हाच करतात, म्हणजे 1969, 1996, 2015. लग्नानंतर पहिली कोकिळा कधी केली, तेव्हा कोण अंगावर पीत होतं, एवढं कळलं तरी पाच वर्षांच्या आत येता. माळ कुणी घातली, पहिली वारी कुणाच्या बारशाच्या आधी की नंतर, हेही विचारून ठेवा.

आमच्या घरात हा वाद दोन वर्षं चालला, म्हणून इतकं लिहितोय. आजीचं माहेर शिराळा तालुक्यातलं. तिच्या आईनं सांगितलेल्या दोन गोष्टी पक्क्या: पोरगी धोंड्याच्या, म्हणजे अधिक महिन्यात झाली, आणि आईला कळा सुरू झाल्या त्या धूळवाफेची पेरणी चालू असताना बांधावर. थोरल्या चुलत्यांनी, आम्ही त्यांना नाना म्हणतो, यातली पहिली उचलली आणि दुसरी सोडून दिली. 15 ऑगस्ट 1947 अधिक श्रावणात आला होता, हे खरंच आहे. त्यामुळे "आमची आई स्वातंत्र्याबरोबर जन्मली" हे नानांना इतकं आवडलं की ते भाषणातही आलं. त्या हिशोबानं हजारावी पौर्णिमा 2028 च्या उन्हाळ्यात.

पण धूळवाफ श्रावणात होते का? शिराळ्याकडं भात पेरतात ते रोहिण्यात, मे अखेरीला. कुळवून ढेकळं फोडलेल्या कोरड्या जमिनीत कुरीनं बी टाकायचं आणि पावसाची वाट बघायची. 1947 चा अधिक श्रावण लागला 18 जुलैच्या सुमारास. तेव्हा त्या शिवारात भात वीतभर वर आलेलं असतं आणि बायका भांगलणीला वाकलेल्या असतात. पेरणीशी जुळणारा अधिक महिना एकच, 1942 चा अधिक ज्येष्ठ, मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. मधला 1945 चा अधिक चैत्र होता, तेव्हा भात कुणी पेरत नाही.

दुसरी खूण. गांधीजींच्या खुनानंतरची जाळपोळ आजीनं चुलत्याच्या खांद्यावरून पाहिली होती. वाड्याच्या तुळया फुटल्याचा आवाज ती तोंडानं काढून दाखवायची. नाना म्हणाले, ऐकून सांगते. असं कुणी म्हणालं तर त्या आठवणीतली निरुपयोगी गोष्ट शोधा. आजीच्या आठवणीत परकराच्या ओच्यात हरभऱ्याचा डहाळा होता, आणि घाटे सांडले म्हणून ती रडली होती. वाडा पेटल्याचं घरातले पुन्हा पुन्हा सांगतील, सांडलेले घाटे कोण सांगणार? जानेवारी-फेब्रुवारीत हरभरा डहाळ्यावर असतोच. म्हणजे 1948 ला पोर चार-पाच वर्षांचं तरी होतं.

तिसरी खूण नाना स्वतः. भूकंपाला थोरला दुसरीत, मधला कडेवर, धाकटा पोटात. थोरला म्हणजे नानाच, आणि दाखल्यावर त्यांची 1 जून 1960. गुरुजींनी एखादं वर्ष इकडं-तिकडं केलं असेल. पण आई 1947 ची धरली तर ती तेराव्या वर्षाच्या आतच बाळंत झाली म्हणायची. 1942 धरलं तर अठराव्या वर्षी. हे गणित मांडल्यावर नाना चहा अर्धा टाकून उठले आणि "आधारवर काय आहे ते बघा" म्हणाले.

1942 प्रमाणे हजारावी पौर्णिमा 2023 च्या शिमग्याची, फार तर चैत्राची, जोतिबाच्या यात्रेची. नानांनी 2028 धरून ठेवलं. आजी 2024 च्या पौषात गेली. कार्यक्रम झाला नाही.

म्हणून सांगतो, कार्यक्रमाच्या दोन तारखा निघाल्या तर आधी येणारी धरा. उशिरा निघालेलं वय बरोबर असलं तरी म्हातारी तोवर थांबेल याची हमी कुणाकडं नाही, आणि वर्षभर आधी केलं म्हणून देव काही परत पाठवत नाही.

कागद हवाच असेल तर आजीच्या माहेरच्या तालुक्याच्या तहसील कार्यालयात अभिलेख कक्षात जुनी जन्म-मृत्यूची नोंद मागा. गाव नमुना 14, लोक कोतवाल बुक म्हणतात. सासरच्या तालुक्यात हेलपाटे घालू नका. मुलीचं नाव बहुतेक नसतंच, बापाच्या नावापुढं "मुलगी" एवढंच असतं, म्हणून पणजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव, गाव आणि दोन-तीन वर्षांचा अंदाज घेऊन जा. जुन्या नोंदी मोडीत असतात, वाचणारा माणूस आधी गाठा. पाठोपाठच्या दोन बहिणी असतील तर नोंद कुणाची हे भावंडांच्या क्रमावरून लावावं लागतं.

कार्यक्रमाचं भटजी सांगतीलच. कणकेचे 81 दिवे करणार असाल तर कणीक घट्ट मळा आणि दिवे वाफवून घ्या, कच्चे दिवे तुपानं बसतात. फुलवाती आदल्या रात्रीच तुपात भिजवून ठेवा. एका परातीत सगळे दाटीनं लावले की परात कडेला पोळते, ओवाळणारीच्या हाताला चटका बसतो. दोन पराती करा आणि खाली जाड फडकं घ्या. आजीला पाटावर बसवू नका, गुडघे उठू देत नाहीत. पाठीची खुर्ची द्या.

एक राहिलं. हे सगळं घरच्या कार्यासाठी. काढलेलं वय घेऊन आधार बदलायला जाऊ नका. पेन्शन, रेशन, एसटीची सवलत, सगळं त्याच तारखेला बांधलेलं असतं, आणि हरभऱ्याच्या डहाळ्याचा पुरावा तिथं चालत नाही. जन्म अधिक महिन्यातला निघाला तर दरवर्षीची तिथी त्याच नावाच्या साध्या महिन्यात धरायची.

आणि पत्रिकेत जन्मसाल छापू नका, "सहस्रचंद्रदर्शन" एवढं पुरतं. साल छापलं की मांडवात एखादा नाना आधार कार्ड घेऊन उभा राहतोच.