नसलेलं हाडही नोंदवायचं

पुणे

प्रिय विद्यार्थी,

सुरुवातीचे काही महिने वय, लिंग, रोग यांच्या मागे लागू नकोस. आधी उत्खननात मिळालेला सांगाडा मांडायला शीक. टेबलावर फोम अंथरून एका वेळी हाडांची एकच पेटी उघड. दोन माणसांच्या बरगड्या एकदा मिसळल्या की बहुतेकदा मिसळलेल्याच राहतात. डावं-उजवं ठरव आणि पत्रकात असलेल्या हाडांइतकीच नसलेली हाडंही लिही.

एवढा आग्रह का, ते इनामगाव सांगेल. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन गावाचं उत्खनन डेक्कन कॉलेजने केलं. तिथल्या प्रौढांच्या बहुतेक दफनांत घोट्याखालचे पाय नाहीत. पुरण्याआधीच ते तोडले असावेत, असा अर्थ लावला गेला. आता विचार कर : पाऊल मुळातच नव्हतं, की उचलताना राहिलं, की पेटीत पिशवी फाटली, हे कुठेच लिहिलेलं नसतं तर? एका अख्ख्या चालीरीतीचा पुरावा गेला असता. म्हणून प्रत्येक हाताची, प्रत्येक पावलाची पिशवी खड्ड्यातच वेगळी करायची.

तिथली मुलं बहुधा तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेली आहेत. अशा कुंभातली माती बारीक चाळणीतून काढल्याशिवाय टाकू नकोस. न उगवलेल्या दातांचे इवलेसे कोंब तिच्यातच असतात आणि मुलाचं वय दातांवरूनच सर्वांत नेमकं कळतं. हाडं बघून मुलाचं लिंग मात्र सांगू नकोस, वयात येण्याआधी तो फरक पुरेसा उमटत नाही. प्रौढात आधी कटीर, म्हणजे कमरेचं हाड बघ, मग कवटी. तुटलेली कड फिकट असेल तर तूट ताजी, मातीच्या रंगाची असेल तर जुनी.

साफसफाईला मऊ ब्रश आणि बांबूची काडी पुरे. भुसभुशीत हाड पाण्यात घालू नकोस, सुकताना ते तडकतं. फेव्हिकॉल तर कधीच नाही, पुढे तो सुटत नाही. चिकटवायला किंवा बळकटीला पॅरालॉइड बी-72 हे पुन्हा विरघळवता येणारं अॅक्रिलिक राळ वापर, बळकटीसाठी अॅसिटोनमध्ये 5 ते 10 टक्के. पण डीएनएचा नमुना घ्यायचा असेल तर तो आधी, हातमोजे आणि मास्क घालूनच. त्यासाठी कवटीच्या तळाशी, आतल्या कानाभोवतीचं पेट्रस हाड बहुधा सर्वांत चांगलं. क्रमांक टाकताना पॅरालॉइडचा थर, वाळल्यावर शाई, वर पुन्हा थर. सांध्याच्या पृष्ठभागावर किंवा कापल्याच्या खुणेवर मात्र नाही.

कवटी डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून उचलू नये. दोन्ही हातांनी, तळाला आधार देऊन उचल. आणि जूनच्या आत पेट्यांजवळ आर्द्रतामापक लाव. पुण्याच्या पावसाळ्यात आकडा 65 टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते. 45 ते 55 मध्ये ठेवायचा प्रयत्न कर, सिलिका जेल वेळेवर बदल.