वाचक विचारतात : डोंगरावरच्या गांधीलमाश्या

प्रश्न : आम्ही सोलापुरातले एमएस्सीचे विद्यार्थी. सह्याद्रीत पायथ्यापासून माथ्यापर्यंत कोणत्या गांधीलमाश्या मिळतात, याची पाहणी करायची आहे. सरावासाठी मे महिन्यात माळावर पाण्याच्या पिवळ्या वाट्या (पिवळ्या रंगाकडे ओढले जाऊन कीटक त्यांत पडतात) ठेवल्या. संध्याकाळी त्या जवळजवळ कोरड्या होत्या आणि कीटकही थोडेच. काय चुकले?

उत्तर : मुख्यतः महिना चुकला. मे महिन्यात माळ वाळलेला असतो; अळ्या, कोळी, नाकतोडे कमी, म्हणून त्यांच्यावर वाढणाऱ्या माश्याही कमी. सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा पाहा. वाटी खोल घ्या, दोन तृतीयांश भरा, बिनवासाच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब टाका. साबण नसेल तर बारीक माश्या पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगतात आणि उडून जातात. वाटी गवतात झाकली जाऊ देऊ नका. चोवीस तासांनी मलमलीतून गाळून माल ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि उंची हवीच.

डोंगरावर दर २०० मीटर उंचीला दहा वाट्या, पाच-पाच मीटर अंतरावर, सगळीकडे एकाच दिवशी ठेवा. हे काटेकोर पाळा. पायथ्याशी तीस वाट्या आणि माथ्यावर पाच ठेवल्या, तर ‘वर जाती कमी’ हा निष्कर्ष वाट्यांचा असेल, माश्यांचा नव्हे. सांडलेली वाटी मोजणीतून वगळा. कोकणाकडचा उतार आणि देशाकडचा उतार एकत्र करू नका. पावसाचा फरक फार मोठा आहे.

हजार मीटर चढल्यावर हवा साधारण सहा अंशांनी थंड होते, पण म्हणून जाती सरळ रेषेत घटतातच असे नाही. पायथ्याशी शेती आणि चराई असेल तर मधल्या पट्ट्यात जास्त जाती मिळू शकतात. इक्न्यूमोनिड कुळातल्या परजीवी माश्यांना गारवा आणि ओल मानवते. कागदी पोळी करणाऱ्या मोठ्या माश्या मात्र वाट्यांत क्वचितच येतात. त्यांच्यासाठी जाळी घेऊन ठरावीक वेळ फिरा आणि ती नोंद वेगळी ठेवा. संरक्षित क्षेत्रात वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या.

प्रश्न : उसाच्या फडात केसाळ, काळ्या माश्या जमिनीलगत घिरट्या घालतात. औषध मारू का?

उत्तर : मारू नका. वर्णनावरून त्या स्कोलिड माश्या वाटतात. मादी मातीत शिरून उसाची मुळे खाणाऱ्या हुमणीच्या अळीला डंख मारते, ती लुळी पडली की तिच्यावर अंडे घालते. प्रौढ माश्या मकरंदावर जगतात, म्हणून बांधावरची फुलझाडे राखा.