बुडालेले रविवार

प्रश्न : जानेवारीत मुंबई मॅरेथॉनचे ४२ किलोमीटर पहिल्यांदाच धावणार आहे. ५ आठवडे उरलेत. आधी दिवाळी, मग ताप. ४ रविवार बुडाले. सर्वांत लांब धाव २४ किलोमीटरची. आता रोज जास्त धावून भरून काढू का? (एक वाचक, परळ)

उत्तर : ताई, बुडालेले रविवार बुडालेच समजा. भरून काढायला गेलात तर नडगी धरेल. माझी धरली होती. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून बर्फ लावताना रडू आलं होतं. एकाच जागी बोट लावल्यावर दुखलं, तर धावणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

अंगात ताकद आली असेल तर येत्या रविवारी २६ किलोमीटर, पुढचा रविवार हलका, तिसऱ्याला २९. तेही मैत्रिणीशी गप्पा मारता येतील इतक्या सावकाश. नंतरचे २ आठवडे धाव निम्म्यावर आणा.

खरी परीक्षा पेडर रोडची. तो चढ परतीच्या वाटेवर, पाय संपत आल्यावर येतो. म्हणून २९ची अखेर तिथेच करा. लहान पावलं टाका, दम लागला तर खुशाल चाला. मी दर वेळी चालते.