नाडी वीस वेळा, रक्त एकदाही नाही

“आमच्या घराण्यातच आहे हो हार्ट.” हे वाक्य समुपदेशन करताना समोरच्या खुर्चीतून इतक्यांदा ऐकलंय की, आता एकाची गोष्ट सांगूनच टाकते. ओळख अर्थातच पुसून.

वय ४६, बँकेत नोकरी. वडील ४७ व्या वर्षी गेले. “छातीत जळजळतंय म्हणून बाबांनी सोडा घेतला, पहाटे संपलं सगळं.” तेव्हा हे दहावीत. “पुढचं वर्ष माझं,” असं सरळ म्हणायचे. फ्लॅटचं बुकिंग त्यासाठी लांबणीवर. दिवसातून वीसेक वेळा मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजायचे, माझ्यासमोर बोलतानाही.

तिसऱ्या भेटीत म्हणाले, “मॅडम, लाळ पाठवून ती जीन टेस्ट करू का?”

“कोलेस्टेरॉल शेवटचं कधी तपासलंत?”

बोटं मनगटावरच थांबली. “कधीच नाही.”

“नाडी वीस वेळा आणि रक्त एकदाही नाही?”

हसले. मग डोळे भरून आले. “कळलं तर खरं होईल ना ते.”

“आणि नाही कळलं तर खोटं होतं?”

मी विवेकनिष्ठ विचारसरणीतली. माणूस स्वतःशी काय बोलतो तिकडे माझा कान असतो. हे गृहस्थ वर्षानुवर्षं स्वतःला काळजी घेणारा समजत होते, आणि करत होते ती टाळाटाळ. हे मला त्या बोटांकडे बघताना सुचलं. बावीस वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच.

घराण्याची धास्ती असलेल्या सगळ्यांना मी सांगते: बहुतेकांत हृदयविकाराचं एकच जनुक नसतं, असंख्य बारीक फरकांचा चिमूटचिमूट वाटा असतो. २०१६ साली सुमारे ५५ हजार लोकांचा एक अभ्यास आला. धूम्रपान नाही, लठ्ठपणा नाही, नियमित व्यायाम, बरा आहार. यांतल्या किमान तीन गोष्टी सांभाळणाऱ्यांत, जनुकीय धोका भारी असूनही, बेफिकीर राहणाऱ्यांपेक्षा हृदयविकार जवळपास निम्म्यावर होता. वडील-भावाला ५५ च्या आत किंवा आई-बहिणीला ६५ च्या आत झटका आला असेल, तर ते वय डॉक्टरांना आवर्जून सांगा. लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, बरंचसं जन्मतःच ठरतं, ते आयुष्यात एकदा तपासलं तरी सहसा पुरतं.

ह्यांचा रिपोर्ट चांगला आला असता तर गोष्ट सोपी होती. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, निघालं २१२. हे मात्र एकाच जनुकातल्या दोषाचं, आनुवंशिक कोलेस्टेरॉल असावं, असं डॉक्टर म्हणाले. मुलांत उतरायची शक्यता निम्मी. मला वाटलं, कोसळतील. तर म्हणाले, “बाबांना हे कुणी सांगितलंच नाही. मला गोळी तरी मिळाली.”

दोन महिन्यांनी आले ते अकरा वर्षांच्या लेकीचा रिपोर्ट घेऊन. एलडीएल ९४. तासभर बोललो, बोटं एकदाही मनगटाकडे गेली नाहीत. मी ते बोलून दाखवलं नाही.

निघताना दारात थबकले. “धाकटा भाऊ तपासायला तयारच नाही. म्हणतो, मला काय झालंय? तुमच्याकडे पाठवू का त्याला?”