अकरावीत आहे. दहावीला ९४.६० टक्के, जेईईच्या क्लासच्या टेस्टला ३०० पैकी ११५. आयआयटी मुंबई मिळेल का? निदान सीओईपी, पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज?

दहावीचे ९४.६० विसर. त्याचे पेढे वाटून झाले, जेईईशी, म्हणजे इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेशी, त्याचा संबंध नाही. तू लिहिलेल्यात कामाचा आकडा एकच, ११५. आणि नेमकं त्याच आकड्याशी माझं जुनं वैर आहे, म्हणून लिहायला बसलो.

२०१४ ला मी बारावीत होतो. जेईईचे दोन टप्पे, आधी मेन, त्यातून निवडलेल्यांना आयआयटीसाठी अ‍ॅडव्हान्स्ड. तेव्हा मेन ३६० मार्कांची असायची, बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. अ‍ॅडव्हान्स्डला बसायचा ओपनचा कटऑफ लागला ११५. मला पडले १०९. सांगलीत मोठ्या मामांकडे राहून क्लास केला होता, फी त्यांनीच भरलेली. सायबर कॅफेतून निकालाची प्रिंट घेऊन आलो, तर मामा दुकानाची वही लिहीत बसलेले. त्यांनी प्रिंट बघितली, वहीच्याच कोपऱ्यात ११५ खाली १०९ मांडले, वजाबाकी केली आणि आलेल्या सहाला चाराने भागलं. "दीड प्रश्न," म्हणाले. "दीड प्रश्नानं गेलं की रे."

तेव्हापासून माझं नाव दीड प्रश्न. लग्नात, बारशात, एकदा तर दहाव्याला घाटावर: "हा आमचा भाचा. दीड प्रश्नानं आयआयटी हुकली."

मामांचं म्हणणं, ड्रॉप घे, वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा दे. क्लासच्या सरांचंही तेच, त्यांना आणखी एका वर्षाची फी दिसत होती. मी ऐकलं नाही. त्या वर्षी राज्याने इंजिनिअरिंगची सीईटी बंद करून निम्मं मेन आणि निम्मं बारावीचं पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) असं मेरिट लावलं होतं. सर मात्र दोन वर्षं एकच सांगत आले, बोर्डाकडे बघू नका, प्रॅक्टिकलचे मार्क कॉलेज देतंच. बॅचमधल्या निम्म्या पोरांनी जर्नलं दुसऱ्याकडून लिहून घेतली. मी भित्रा. सकाळी ज्युनिअर कॉलेजला जायचो, टायट्रेशनची रीडिंगं स्वतः घ्यायचो, डेरिव्हेशन्स घोकायचो. पीसीएमला ३०० पैकी २६१ पडले आणि त्या जोरावर कऱ्हाडच्या शासकीय कॉलेजात सिव्हिल मिळालं. मामा सोडायला आले, माझी ट्रंक स्वतः उचलून वर नेली आणि खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "अजून विचार कर."

पुढच्या वर्षी कटऑफ उतरला १०५ वर. रात्री दहाला मामांचा फोन. "बघ. तुझे १०९ होते. चार जास्तच झाले असते."

हे मामांना कितीदा समजावलं, आता तुला समजावतो. १०९ एका पेपरचे, १०५ दुसऱ्या पेपरचे. कटऑफ आधी ठरवून ठेवलेला नसतो. पहिल्या नंबरापासून खाली ठरलेली संख्या मोजत यायची, तेव्हा ती दीड लाख होती, आणि शेवटच्या पोराचे मार्क म्हणजे कटऑफ. बरं, त्या दीड लाखात शिरून मिळतं काय? अ‍ॅडव्हान्स्डचं हॉलतिकीट. आयआयटीच्या सीटा तेव्हा जेमतेम दहा हजार. मी काठावर पास होऊन त्या रांगेच्या शेपटाला उभा राहिलो असतो. माझी आयआयटी दीड प्रश्नाने हुकली नाही, चांगली पन्नास प्रश्नांनी हुकली. हे मान्य करायला मला वेळ लागला, मामांनी अजून केलेलं नाही.

आता तुझं. आज अ‍ॅडव्हान्स्डला अडीच लाख घेतात, आयआयटीच्या सीटा साडेसतरा हजारांच्या वर गेल्यात. कटऑफ पर्सेंटाइलमध्ये येतो, २०२५ ला ओपनचा ९३.१० होता. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, शंभरातली किती पोरं तुझ्या मागे आहेत ते. परीक्षेला चौदा-पंधरा लाख बसतात, त्यामुळे ९९ पर्सेंटाइलवाल्याच्याही पुढे चौदा-पंधरा हजार पोरं असतात. पवईत, म्हणजे आयआयटी मुंबईत, ओपनमधून कॉम्प्युटर पहिल्या साठ-सत्तर रँकमध्ये संपतं, आणि बाकीच्या बहुतेक ब्रँचही काही हजारांच्या आत. ११५ वर मुंबई नाही. आज नाही, अकरावीत आहेस म्हणून एवढंच म्हणतो.

सीओईपीचा रस्ता वेगळा, तिथे एमएचटी-सीईटी, राज्याची तीच सीईटी, आता पुन्हा सुरू आहे. निगेटिव्ह मार्किंग नाही, अकरावीचा भाग २० टक्के, बाकी बारावी. गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटं, आणि फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न तेवढ्याच वेळात. म्हणजे खोलीपेक्षा हात चालला पाहिजे. ओपनमधून कॉम्प्युटरला पर्सेंटाइल ९९ च्या बरंच वर लागतं, सिव्हिल आणि मेटलर्जी बरंच खाली येतं. बारावीचं पुस्तक ओळ न् ओळ केलंस तर हे होण्यासारखं आहे. आणि 'निदान सीओईपी' म्हणू नकोस. १८५४ सालचं कॉलेज आहे ते, 'निदान'मध्ये बसत नाही.

बोर्ड सोडू नकोस. आज मेरिटमध्ये धरत नाहीत हे खरं, त्यामुळे त्या सरांचं म्हणणं आता अर्धं बरोबर आहे. पण आयआयटीला ओपनमधून बारावीला ७५ टक्के लागतात, नाहीतर बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. रँक येऊन तिथे अडकण्यासारखं दुःख नाही.

आणि ड्रॉपचं आत्तापासून डोक्यात ठेवू नकोस. अ‍ॅडव्हान्स्डला लागोपाठ दोन वर्षं बसता येतं, ती सोय आहे, बेत नव्हे. आता प्रामाणिकपणे सांगायला हवं की माझी मामेबहीण ड्रॉप घेऊनच आयआयटीला लागली. मामा हे मला दर गणपतीत ऐकवतात. पण तिला पहिल्या वेळी ९८ पर्सेंटाइल होते. ती काठाच्या बरीच आत होती, मी बाहेर होतो.

प्रवर्ग कोणता, मुलगा की मुलगी, हे तू लिहिलेलं नाहीस. वरचे सगळे आकडे ओपनचे आहेत. प्रवर्ग असेल तर ते बदलतात. व्हॅलिडिटीचं (जात वैधता प्रमाणपत्राचं) काम बारावीच्या आधी उरकून घे. मुलींसाठी आयआयटीत २०१८ पासून जादा जागा आहेत, तिथे शेवटची रँक आणखी खाली जाते.

आणि ११५ हा आकडा असा अर्धवट देऊ नकोस. बरोबर किती, चूक किती, सोडलेले किती, हे मागच्या पाच टेस्टचं लिहून टाक. ३० बरोबर ५ चूक आणि ३५ बरोबर २५ चूक, दोन्हीकडे ११५ च येतात, पण सल्ला वेगळा द्यावा लागेल.