गॉथिक (मध्ययुगीन युरोपीय शैलीच्या) खिडक्यांवरील चतुर्दल आकृती म्हणजे चार पानांच्या क्लोव्हर या छोट्या वनस्पतीचे चित्र आहे का?

नाही, चतुर्दलाच्या ‘क्वाट्रफॉइल’ या इंग्रजी नावाचा लॅटिन अर्थ ‘चार पाने’ असला, तरी ती मुळात भौमितिक आकृती आहे. चौरसाभोवती कंपासने समान त्रिज्येची, एकमेकांना छेदणारी चार वर्तुळे काढून केवळ बाहेरची कड ठेवली की ती तयार होते, आणि म्हणूनच व्हेनिसच्या डोज (तिथल्या शासकाच्या) राजवाड्यातील स्तंभरांगेवर दगडी जाळीत ती इतक्या सफाईने पुन्हापुन्हा येते. मात्र प्रत्येक चतुर्दल निव्वळ वर्तुळांचे नसते: फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहासाठी शिल्पकार आंद्रेआ पिसानो याने 1330 ते 1336 या काळात घडवलेल्या कांस्यद्वारावरील 28 चौकटींत पाकळ्यांच्या मधून टोकदार कोन बाहेर येतात, आणि त्या अरुंद, अवघड जागेत त्याने बसवलेले प्रसंग आवर्जून पाहावेत असे आहेत.